सिंगापूरने विविधता स्वीकारली ती घराच्या कागदावर

प्रश्न असा आहे: 'सिंगापूरसारख्या बहुवांशिक समाजाची मानसिकता इतकी मोकळी कशी झाली आणि आपण त्यातून काय शिकावं?'

'मानसिकता' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. 'आधी मनं बदलली पाहिजेत, नियमांनी काही होत नाही' या मताविरुद्ध मी वर्षानुवर्षं वाद घालत आलोय. सिंगापुरातल्या सरकारी घरांचा कोटा हे माझं त्यावरचं उत्तर आहे, म्हणून बाकीचं बाजूला ठेवून तेवढंच नीट सांगतो.

1964 मध्ये तिथे चिनी-मलय दंगली झाल्या. जुलैमध्ये 23 माणसं मेली, सप्टेंबरमध्ये 13. पुढे झोपड्या आणि जुन्या वस्त्या हलवून लोकांना गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या इमारतींत घरं दिली गेली. आज दर चार रहिवाशांपैकी तीन जण या इमारतींत राहतात. पण 1980 च्या दशकात लक्षात आलं की फेरविक्रीतून लोक पुन्हा आपापल्या घोळक्यात जात आहेत. बेडोक-टॅम्पिनीसकडे मलय, हौगांगला चिनी, यिशुनला भारतीय. कुणी कुणाला हाकललं नव्हतं. 'नातेवाईक जवळ हवेत' एवढ्यावर वस्त्या वेगळ्या होत होत्या. हे घडायला द्वेष लागतच नाही, आणि म्हणूनच नुसती मनं सुधारून ते थांबत नाही.

1 मार्च 1989 पासून कोटा आला. आजचे आकडे असे: एका इमारतीत चिनी कुटुंबं जास्तीत जास्त 87 टक्के, मलय 25, 'भारतीय व इतर' 15. आजूबाजूच्या वस्तीला वेगळी मर्यादा आहे, अनुक्रमे 84, 22 आणि 12. 'भारतीय व इतर' गटाचा आकडा आधी वस्तीत 10 आणि इमारतीत 13 होता, तो 2010 मध्ये वाढवला. या तीन आकड्यांची बेरीज करून बघा: 87, 25 आणि 15 मिळून 127. म्हणजे हे आरक्षण नाही. कुणासाठी घरं राखून ठेवलेली नाहीत, प्रत्येक गटाला फक्त कमाल मर्यादा आहे आणि मध्ये 27 टक्क्यांची मोकळीक आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच चुकतात.

खरी कसोटी फेरविक्रीला. नियम एका वाक्याचा आहे: विकणारा आणि घेणारा एकाच गटातले असतील तर व्यवहार कधीही चालतो, कारण त्याने प्रमाण बदलत नाही. गट वेगळे असतील तर घेणाऱ्याच्या गटाची मर्यादा भरलेली नसावी लागते. आता समजा इमारतीत चिनी मर्यादा भरली आहे. चिनी मालक कुणालाही विकू शकतो. त्याच मजल्यावरचा तमिळ मालक चिनी गिऱ्हाइकाला विकू शकत नाही, आणि देशातले जवळजवळ तीन चतुर्थांश नागरिक चिनी आहेत. त्याचं घर जास्त दिवस पडून राहतं आणि बऱ्याचदा कमी भावात जातं. मिसळून राहण्याची किंमत अल्पसंख्याकाच्या खिशातून जाते, हा या योजनेतला सर्वात मोठा दोष. सरकारलाही तो मान्य करावा लागला. अडलेल्या मालकाचं घर काही प्रकरणांत मंडळाने स्वतः विकत घ्यायचं, अशी सोय 2022 मध्ये केली. तेहतीस वर्षं उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यवहार करणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळायची. कोट्याची आकडेवारी दर महिन्याच्या 1 तारखेला बदलते. खरेदीच्या ऑप्शनची, म्हणजे घर घ्यायचा हक्क राखून ठेवणाऱ्या कराराची, मुदत 21 दिवसांची असते. 20 तारखेला 'जागा आहे' पाहून ऑप्शन घेतला आणि अर्ज पुढच्या महिन्यात टाकला, तर मधल्या काळात मर्यादा भरलेली असू शकते. म्हणून अर्ज टाकायच्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावर इमारतीचा क्रमांक घालून पुन्हा तपासा. नवरा-बायको वेगवेगळ्या वंशाचे असतील तर दोघांपैकी कुणाचाही गट लावता येतो. पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, असलेल्या मराठी कुटुंबांना हा कोटा असतोच, शिवाय बिगरमलेशियन पीआरसाठी वेगळी मर्यादाही असते: वस्तीत 5 टक्के, इमारतीत 8.

याने मनं बदलली का? काही बाबतीत हो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेला तिथे व्हॉइड डेक म्हणतात. एका आठवड्यात तिथे मलय लग्नाचा मांडव असतो, दुसऱ्या आठवड्यात चिनी अंत्यविधी, आणि वरचे सगळे त्यातूनच ये-जा करतात. खाऊगल्ल्यांमध्ये हलाल आणि बिगरहलाल ताटं परत ठेवायचे रॅक वेगळे असतात. बसायची टेबलं एकच. एकमेकांचं खायची सक्ती नाही, शेजारी बसण्यात अडचण नाही.

पण जिथे कोटा नाही तिथे काय होतं तेही बघा. भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत 'भारतीय नकोत' असं लिहिलेलं सर्रास दिसायचं. आजही तोंडी सांगणारे भेटतात. माझा वाद इथेच मिटतो. त्याच शहरात, त्याच माणसांत, विक्रीला नियम आहे म्हणून शेजार मिळतो आणि भाड्याला तसा नियम नाही म्हणून नकार.

आता या योजनेच्या उणिवा. 'भारतीय व इतर' या कप्प्यात तमिळ, पंजाबी, मराठी, युरेशियन सगळे कोंबलेले आहेत. शाळेत मातृभाषेचा विषय म्हणून तमिळ आहे, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूही आहेत, मराठी नाही. आपल्या मुलांना बहुधा हिंदी घ्यावी लागते. बांधकामावरचे परदेशी कामगार वेगळ्या वसतिगृहांत राहतात, त्यांच्यापर्यंत हे मिसळणं पोचतच नाही. आणि हा कोटा चालतो कारण बहुतेक घरं एकाच सरकारी मंडळाची आहेत.

मुंबईत तसं नाही. तरी आहे तेवढा कायदा तरी वापरा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 प्रमाणे पुरेसं कारण नसताना सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही. कलम 22 प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. मात्र 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीची 'फक्त पारशी' ही अट ग्राह्य धरली होती, त्यामुळे आधी सोसायटीची उपविधी मागून वाचा. आणि 'मासे-मटण खाणारे नकोत' किंवा 'मराठी नकोत' हे नेहमी दलाल फोनवर सांगतो, कागदावर काहीच येत नाही. म्हणून अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. तीन महिने मोजायला त्या पोचेवरची तारीख लागते.