फायबरच्या बोटीचा तळाचा जुना रंग ॲसिडनं निघतो का?

तुमचा प्रश्न असा: कोकणातून 18 फुटी जुनी फायबरची बोट आणली, जायकवाडी धरणाच्या नाथसागरात चालवायची आहे, तळाच्या लाल रंगाचे पोपडे सुटताहेत. ॲसिड किंवा थिनर मारून तो काढता येईल का, नंतर कोणता रंग द्यावा आणि खर्च किती येईल?

ॲसिड नको. बाथरूमचं ॲसिड रंगातलं तांबं विरघळवतं, पण रंग धरून ठेवणारा चिकट भाग तसाच राहतो. म्हणजे रंग निघत नाही आणि हिरवट विषारी पाणी मात्र जमिनीत जातं. थिनरनं तो लाल रंग चिखलासारखा होतो आणि कापडानं तुम्ही तोच चिखल जेलकोटच्या, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या चकचकीत थराच्या, बारीक छिद्रांत भरत बसता. बाजारातलं साधं पेंट रिमूव्हर तर रंगाबरोबर जेलकोटही मऊ करतं. रिमूव्हर वापरायचंच असेल तर डब्यावर फायबरग्लासला चालतं असं लिहिलेलं घ्या आणि एक फूट जागेवर आधी लावून बघा. हीट गन आणि गॅसची बत्ती लांबच ठेवा; फायबरमधलं पॉलिस्टर रेझिन उष्णतेनं मऊ पडतं आणि त्या रंगाचा धूर छातीत घेण्यासारखा नसतो.

दुसरं, जे तुम्ही विचारलंच नाही: नाथसागरात तो लाल रंग पुन्हा लावायची गरज नाही. तो समुद्रातल्या शिंपल्यांना आणि कालवांना मारण्यासाठी असतो, त्यात क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांबं असतं. गोड्या पाण्यात शेवाळ धरतं, ते ब्रशनं निघतं. मग तळ उघडा ठेवायचा का? तेही नाही. बहुतेकांना उलटं वाटतं, पण फायबरच्या तळाला खाऱ्यापेक्षा गोडं पाणीच जास्त फोड आणतं. लॅमिनेटच्या, म्हणजे काचेचं कापड आणि रेझिन यांच्या थरांच्या, आत पाण्यात विरघळणारे पदार्थ असतात, बाहेर पाणी जितकं निखळ तितकं ते आत ओढलं जातं. म्हणून आपल्याकडे खरं काम रंगाचं नाही, एपॉक्सी बॅरिअर कोटचं, म्हणजे पाणी आत जाऊ न देणाऱ्या थराचं आहे.

तुमचा प्रश्न वाचून कायगाव टोक्याजवळची एक बोट डोळ्यासमोर आली. अशीच, 18 बाय 6, किनाऱ्यावरून आणलेली, एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर गाळपेराच्या कडेला ओढून ठेवलेली. तिच्यावर लाल, निळा, पुन्हा लाल असे थर होते. काही ठिकाणी रंग नखानं सोलला तर पापडासारखा अखंड निघत होता, खाली जेलकोट चकचकीत. त्याचा अर्थ पहिला रंग देताना साच्याचं मेण (बोट साच्यातून सुटावी म्हणून लावतात ते) पुसलंच नव्हतं. जिथं असा अखंड सुटतो तिथं स्क्रॅपर पुरतो. कार्बाइड पातं घ्या, त्याचे दोन्ही कोपरे कानशीनं गोल करा, नाहीतर प्रत्येक ओढीला चर पडतो. स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही. जिथं रंग घट्ट आहे तिथं गोल फिरणारा ऑर्बिटल सँडर आणि 80 नंबरचा पेपर. ग्राइंडरला हात लावू नका. जेलकोट जेमतेम अर्धा मिलीमीटर असतो, ग्राइंडर तो एका श्वासात खातो आणि तळाला कायमच्या लाटा पडतात.

धुळीचा रंग बघत चला. लालाची गुलाबी, गुलाबीची पांढरट झाली की थांबा. छिद्रांत राहिलेली लाल झाक घासून काढायच्या नादात जेलकोट जातो, ती राहू द्या. शेवटी 80 नंबरचेच ओरखडे हवेत, एपॉक्सीला धरायला तेच लागतात. 220 मारून आरसा करू नका.

ही धूळ तोंडाला दस्ती बांधून घासायची नाही. कार्ट्रिजचा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. खाली ताडपत्री अंथरा आणि धूळ पोत्यात भरा. गाळपेराची जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाते, आणि संभाजीनगर त्याच धरणाचं पाणी पितं. वॉटर पेपरनं ओलं घासलं तर धूळ उडत नाही, पण लाल पाणी ताडपत्रीवरच अडवावं लागतं.

आता वादाची गोष्ट. त्या बोटीवर एक गाडीचा पेंटर होता, हाताचा चांगला. त्याचं म्हणणं, आधी घासू, मग थिनरनं पुसू. मी म्हणालो, आधी पुसू. तळावर मेण असताना घासलं की पेपर ते मेण ओरखड्यांत दाबतो, मग वर काहीही लावा, वर्षभरात सुटतं. म्हणून रंग काढल्यावर, 80 मारायच्या आधी, एका कापडानं सॉल्व्हंट लावायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं उचलायचं. कापड सारखं बदलायचं. त्यावर पाणी ओतून बघा: थेंब गोळा झाले तर मेण आहे, पाणी पसरलं तर गेलं. तो अजून म्हणतो फरक पडत नाही. त्यानं आपल्या पद्धतीनं केलेली बाजू दुसऱ्या उन्हाळ्यात सोलली, हे तो सांगत नाही.

फोडांवरही तेच. रुपयाच्या नाण्यानं तळ ठोकत चला. टणक आवाज बरा, भद्द आवाज आला तर आत थर सुटलेत. फोड टोच्यानं फोडताना चष्मा घाला, आतलं पाणी दाबाखाली असतं, व्हिनेगरसारखा वास येतो, बोटांना चिकट लागतं. पेंटर म्हणाला, मेचं ऊन आहे, आठ दिवसांत सुकेल. सुकत नाही. त्या पाण्यात ग्लायकॉल असतं, ते उन्हानं उडत नाही, उलट हवेतला ओलावा धरतं. फोड बशीसारखा उघडायचा, गोड्या पाण्यानं जोरात धुवायचा, वाळवायचा, पुन्हा धुवायचा. मग फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून सावलीकडच्या अंगाला लावा. दुसऱ्या दिवशी आत दमटपणा दिसला तर अजून थांबा. इथं मात्र मराठवाड्याचा उन्हाळा कोकणापेक्षा शंभर पट बरा.

खड्डे भरायला गाडीच्या पेंटरची लांबी, म्हणजे पुट्टी? पाण्याच्या रेषेखाली कधीच नाही. तिच्यातली पावडर पाणी पिते. एपॉक्सीत कोलॉइडल सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पावडर) मिसळा, चक्क्याइतकं घट्ट, उलटं धरलं तरी ओघळू नये. खड्डा खोल असेल तर आधी काचेच्या कापडाचे तुकडे बसवा. आणि पॉलिस्टरची सवय विसरा: तिथं एक-दोन टक्क्यांत हार्डनर कमीजास्त चालतो, एपॉक्सीत डब्यावरचं वजनाचं प्रमाण वजनकाट्यावर. हार्डनर जास्त टाकलं की लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं.

बॅरिअर कोट किती? लांबी 18 गुणिले रुंदी 6 गुणिले 0.85 (तळ पूर्ण चौकोनी नसतो म्हणून), साधारण 92 चौरस फूट, म्हणजे साडेआठ चौरस मीटर. सुकून 300 मायक्रॉन जाडी धरा. या कोटच्या एपॉक्सी प्रायमरमध्ये घन भाग 50 टक्के असेल तर पाच लिटरच्या आसपास, वाया जाणारं धरून सहा. पाच-सहा हात, प्रत्येक हाताला आलटून पालटून दोन रंग घ्या, म्हणजे राहिलेली जागा दिसते. स्लो हार्डनर घ्या, थोडं थोडं मिसळा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. खोल मगात 40 डिग्रीला ते धूर काढतं. सकाळी नाही, संध्याकाळी लावा. दिवस चढताना तळ तापतो, छिद्रांतली हवा फुगते आणि कोटला टाचणीएवढी भोकं पडतात. उतरत्या उन्हात तीच हवा आकसते. दोन हातांत डब्यावरची मुदत ओलांडली तर आधी पाण्यानं आणि घासणीनं धुवा, कारण वर मेणचट थर येतो, मग 80 मारा. शेवटच्या हातानंतर पाण्यात घालायच्या आधी किमान आठवडा.

खर्च? रंगाचा हिशेब वर दिलाय, पण आकडा फोडांवर ठरतो. ठोकून मोजल्याशिवाय कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे. एपॉक्सी प्रायमर मुंबईहून मागवावं लागेल, काचेचं कापड वाळूजला एफआरपीचं, म्हणजे फायबरचं काम करणाऱ्यांकडे मिळतं.

एक राहिलं. बोट वर्षात कधी पुन्हा समुद्रात न्यायची असेल तर वरचं बरंच बदलतं, तांब्याचा रंग लागेलच. पण तुमचं इंजिन ॲल्युमिनियम पायाचं आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं) असेल तर त्या पायाला तो रंग लावू नका, तांब्याजवळ ॲल्युमिनियम गंजून खड्डे पडतात. एपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते, म्हणून बोट कोरड्यावर ओढली की तळाला सावली करा. आणि भद्द आवाजाची जागा हाताच्या पंजापेक्षा मोठी असेल तर स्वतः करू नका, तिथं लॅमिनेटचं काम आहे.