पिल्लाची मस्ती आणि ट्रेनरचा एक तास

पावसाळा लागला की माझ्याकडे येणारी पत्रं एका सुराची होतात : कुत्र्याचं पिल्लू आवरत नाही. खाली नेता येत नाही आणि वन बीएचकेत ते भिंती चढतं. यंदाच्या ढिगातली ही पाच.

प्रश्न : आमचा ब्रुनो चार महिन्यांचा लॅब्रॅडोर. संध्याकाळचे सात वाजले की अंगात आल्यासारखा सुटतो. सोफ्यावर उड्या, पायांना चावे, मुलीच्या फ्रॉकच्या चिंध्या. ‘दमवा त्याला’ असं सगळे सांगतात, म्हणून दोन्ही वेळा तासभर फिरवतो, पॅसेजमध्ये बॉल टाकतो. तो उलट जास्तच चेकाळतो. ट्रेनर लावावा का? (मुलुंड)

ब्रुनो दमलेलाच आहे. नको इतका दमलाय. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये रात्री अकरा वाजता खुर्च्यांमधून धावणारं, हात लावला की भोकाड पसरणारं पोर आठवा. त्याला आपण आणखी पळायला पाठवत नाही. उचलून रिक्षात बसवतो आणि पहिल्या सिग्नलला ते झोपलेलं असतं.

या वयात पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. आता तुमच्या घरचा दिवस आठवा. दूधवाला, कचरेवाली, पार्सलवाला, शाळेतून आलेली मुलगी, मग मालिकांचा आवाज. प्रत्येक बेलला ब्रुनो उठतो. एक कोपरा किंवा क्रेट (जाळीचा पिंजरा) त्याचा ठरवा, वर चादर टाका. तासभर जाग, मग दोन तास आराम, आणि त्या वेळात त्याला कुणी हाक मारायची नाही.

बॉल काही दिवस कपाटात ठेवा. बॉलमागे धावून अंग दमतं, पण डोकं तापतच राहतं. त्याऐवजी जुन्या गोधडीच्या घड्यांत त्याचा खाऊ लपवा आणि हुंगून शोधू दे. दहा मिनिटांत आडवा होतो की नाही बघा. चाव्यांचं म्हणाल तर त्याचे दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के यायला लागलेत. सातव्या महिन्यापर्यंत हिरड्या शिवशिवणार. ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तुमच्या नजरेसमोर चघळायला द्या. दोन आठवडे एवढं करा. तरी जमलं नाही तर ट्रेनर आहेच.

प्रश्न : मी अडुसष्ट वर्षांची. सुनेने कुकीसाठी ट्रेनर लावलाय. आठवड्यातून तीनदा येतो, तिला खाली नेतो, अर्ध्या तासाने आणून सोडतो. त्याच्यासमोर ती मिलिटरीत असल्यासारखी बसते. तो लिफ्टमध्ये शिरला की माझ्या पदराला लोंबकळते. पैसे वाया चाललेत का? (दादर)

आजी, निम्मे तरी चाललेत. कुत्री माणूस आणि जागा यांच्यासकट धडा शिकतात. कंपाउंडमध्ये त्या दादांनी सांगितलेलं ‘बस’ आणि ओट्याजवळ तुम्ही सांगितलेलं ‘बस’ हे कुकीला दोन वेगळे विषय आहेत. दुसरा तिला कुणी शिकवलेलाच नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकलेय. सुरुवातीच्या काळात एका बीगलला सहा आठवडे खाली नेऊन शिकवलं. अगदी खूश होते स्वतःवर. शेवटच्या दिवशी त्या घरचे काका शांतपणे म्हणाले, “मॅडम, आता तुम्ही इथे राहायलाच या.”

ट्रेनरला सांगा, पुढचे तीन दिवस वर, घरात, आणि खाऊ माझ्या हातात. ‘आजींना काय जमणार’ म्हणाला तर माणूस बदला. पदर ओढून घेऊ नका. तुम्ही ओढलात की तिच्यासाठी रस्सीखेच सुरू झाली. खोचा, खांबासारख्या उभ्या राहा, आणि चारही पाय जमिनीला लागले की त्याच क्षणी खाऊ खाली टाका. चिकनचा तुकडा चालेल. मनुका मात्र चुकूनही नको, प्रसादातलीसुद्धा. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला ती घातक ठरू शकते.

आणि घरात एकच शब्द ठरवा. सून म्हणते ‘डाऊन’, नातू म्हणतो ‘नो नो’, आजोबा ‘हट्’. कुकीने कुणाचं ऐकायचं?

प्रश्न : आमच्या पाच महिन्यांच्या इंडीला (देशी कुत्रा) ट्रेनरने चोक चेन आणली. म्हणतो, तो अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, बनतोय, उताणा पाडून दाबून धरा. योग्य आहे का? (बोरिवली)

नाही. चेन परत करा, ट्रेनरही. ही अल्फाची कथा पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून निघाली. तिचा प्रसार ज्यांच्यामुळे झाला त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईवडील आणि त्यांची पिल्लं. तुमचा इंडी घरावर राज्य करायला निघालेला नाही. फुटपाथवर वडापावचा कागद पडलाय म्हणून तो ओढतो. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. गळा आवळून तो आज गप्प होईल, पण आत बसलेली भीती पुढे चावा होऊन बाहेर येते.

आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही. कार्ड छापलं की झाला ट्रेनर. म्हणून नव्या माणसाला आधी विचारा : कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता? मला पूर्णवेळ समोर बसता येईल का? ‘एक महिना आमच्याकडे फार्मवर ठेवा, गॅरंटी देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवा.

प्रश्न : पिल्लू दहा आठवड्यांचं. डॉक्टर म्हणतात लसी पूर्ण होईपर्यंत खाली नको, ट्रेनर म्हणतो आत्ताच क्लासला आणा. कुणाचं ऐकू? (परळ)

दोघंही बरोबर आहेत, म्हणून पंचाईत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आणि जग ओळखीचं करून घ्यायची पिल्लाची खिडकी साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच सताड उघडी असते. मधला रस्ता असा, की पाय जमिनीला लागू न देता फिरवा. कापडी झोळीत घ्या. लोकलचा आवाज, छत्र्या, रेनकोट, हेल्मेटवाले, ढोल-ताशाची तालीम हे सगळं लांबून, खाऊ भरवत दाखवा. बैलघोडा हॉस्पिटलच्या दारात मात्र उभं राहू नका, तिथे आजारी कुत्री येतात. क्लासवाले प्रत्येक पिल्लाचं लसीचं पुस्तक तपासत असतील आणि फरशी जंतुनाशकाने पुसत असतील, तर डॉक्टरांना विचारून जा. साचलेल्या पाण्यात मात्र लसीनंतरही सोडू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो. त्याचीही लस असते, ती विचारून घ्या.

प्रश्न : सोसायटी म्हणते, उड्या मारणारं कुत्रं लिफ्टमध्ये आणू नका. (चेंबूर)

तशी बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून सेक्रेटरींना द्या. पण लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसायलाही त्याला शिकवा. दुपारी लिफ्ट रिकामी असते तेव्हा रोज चार फेऱ्या मारा. आणि आत आधीच कुणी असेल, तर सध्या पुढची लिफ्ट घ्या.