डोंगराळ भागातल्या सहलीत सार्वजनिक गोल्फ कोर्स कसे निवडावेत?

चार दिवसांच्या सहलीत तीन कोर्स खेळायचा बेत असेल, तर मी एक कमी करीन. घाटरस्त्यावर नकाशातले ४० किलोमीटर दीड तास सहज खातात.

फोटोंवर भाळू नका, स्कोअरकार्डवरचं स्लोप रेटिंग, म्हणजे मुरलेल्या खेळाडूच्या तुलनेत साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड जाईल त्याचा आकडा, बघा. ते ५५ ते १५५ मध्ये असतं, ११३ म्हणजे सर्वसाधारण. १३५च्या पुढचा कोर्स नवख्यासाठी चेंडू हरवण्याचा कारखानाच! मग पुढच्या टीवरून, म्हणजे होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून खेळा, त्यात कमीपणा कसला?

उंचीवर हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. १,५०० मीटरवर साधारण ६ ते १० टक्के. म्हणून यार्डेज (यार्डांतलं अंतर) मोठं दिसलं तरी घाबरू नका, नेहमीपेक्षा एक पायरी कमी अंतराचा क्लब घ्या. चढउतार फार असेल तर कार्ट मिळते का, हे बुकिंगआधीच विचारा. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, नुकतंच एरेशन (माती मोकळी करायला भोकं पाडणं) झालंय का तेही विचारा, नाहीतर पूर्ण फी भरून भोकांवरून पटिंग करावं लागेल.

उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या. दुपारी डोंगरात ढग भरून येतात आणि विजा कडाडल्या की खेळ थांबतो. पावसाचं रेनचेक, म्हणजे पावसाने खेळ थांबला तर नंतर खेळायची सवलत, मिळतं का, हे मी नेहमी फोनवरच विचारतो.