ताटात काय वाढू? : कडक भाकरी, उरलेला भात आणि हुरडा

प्रश्न : ताई नमस्कार. वय ४७. नवी पेठेत कापडाचं दुकान आहे, सकाळी दहा ते रात्री साडेनऊ गादीवरच असतो. मागच्या महिन्यात चेकअप केलं तर एचबीएवनसी ६.१ आलं, वजन ८२, पँट दोन नंबरने वाढलीय. डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, आधी खाणं बघा. तेव्हापासून बायकोने ओट्स आणून ठेवलेत, भाकरी बंद, शेंगाची चटणी बंद. पंधरा दिवस खाल्लं, सोळाव्या दिवशी दुकानातून येताना भजी खाल्ली आणि घरी सांगितलं नाही. आमचे आजोबा रोज चार भाकऱ्या खाऊन ऐंशीपर्यंत जगले, मग माझ्याच भाकरीने काय घोडं मारलंय?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे वहिनींना सांगून टाका भजीचं, त्यांना वासावरून कळलंच असणार.

आजोबा काय करायचे ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्या सोलापुरातले त्या पिढीचे आजोबा म्हणजे एकतर गिरणीत, नाहीतर मागावर, नाहीतर रानात. दिवसभर उभं राहायचं, जाताना येताना पायी, आणि त्या चार भाकऱ्या संध्याकाळपर्यंत कुठं गेल्या ते कळायचं पण नाही. तुम्ही गादीवर बसून ग्राहकाला साडी दाखवता, ती पण पोरगा काढून देतो. भाकरी तीच आहे ओ, मागणारं अंग बदललं. त्यात चाळिशीनंतर हलवलं नाही तर स्नायू कमी कमी होत जातात, आणि जेवणातली साखर जाऊन बसायची मोठी जागा म्हणजे स्नायूच, ती जागाच लहान झाली की साखर रक्तात फिरत राहते आणि पोटावर चरबी चढते. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी, ५.७ ते ६.४ ही काठावरची पट्टी आणि ६.५ पासून पुढे डायबेटीस. तुम्ही काठावर आहात, म्हणजे अजून परत फिरता येतं, हे मी उगाच बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, बऱ्याच जणांचं खरंच मागे येतं. कमरेला टेप लावून बघा, आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात.

आता ओट्स. वाईट नाहीत, पण जे खाताना माणूस सोळाव्या दिवशी पळून जातो ते पथ्य काय कामाचं? ज्वारीत फायबर आहे, थोडं प्रोटीन आहे, लहानपणापासून पोटाला सवय आहे, ती ठेवा. फक्त मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (म्हणजे त्या गावच्या मालाचं भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून ती शुगर वाढवत नाही असं नाही हां, शेवटी पिष्टच ते. आणि आपली खरी फसगत होते ती कडक भाकरीत. कागदासारखी पातळ, कुरकुरीत, हातात घेतली की वजनच लागत नाही, गप्पा मारता मारता तीन-चार कधी संपतात कळत नाही. पण त्यातलं फक्त पाणी गेलंय, पीठ सगळं तिथंच आहे! म्हणून कडक भाकरीचा डबा ताटाशेजारी ठेवायचा नाही, दोन काढून घ्यायच्या आणि डबा परत फळीवर.

ताटात भाकरीची जागा किती हे बघा. आपण भाकरी भरपूर आणि तोंडी लावायला चमचाभर भाजी, असं जेवतो. ते उलटं करा, म्हणजे मेथी, शेपू, दोडका, गवार जे असेल ते दोन वाट्या, मटकीची नाहीतर मुगाची उसळ किंवा घट्ट वरण एक वाटी, काकडी-कांदा, आणि भाकरी एक, फार तर दीड. आधी भाजी-उसळ थोडी खाऊन मग भाकरीला हात घातला तर जेवणानंतर शुगर कमी उसळते, करून बघायला पैसे लागत नाहीत. आणि रात्री पावणेदहाला जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या मारा. जमलं तर दुकानातच सात वाजता डब्यातली उसळ नाहीतर दोन अंडी खाऊन घ्या, मग घरी येईपर्यंत भजीच्या गाड्यावर जीव जात नाही.

शेंगाची चटणी बंद करू नका, बिनचटणीचं जेवायला सांगायला मला तोंड नाही. पण शेंगदाणा म्हणजे जवळजवळ निम्मं तेल, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि वर आपण चटणीत खड्डा करून परत तेल ओततो. दोन चमचे चटणी दह्यात कालवा, वरचं तेल बंद. घरात तेल किती जातं तेही एकदा मोजा, माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आसपास राहिलं पाहिजे, बहुतेक घरात दीडपट निघतं. आणि दुकानातला चहा! ग्राहक आला की चहा, व्यापारी आला की चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅमच्या वर साखर नुसती चहातून, भाकरीला शिव्या देण्याआधी हे बघा. एकदम बिनसाखरेचा जमणार नाही, आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, महिनाभराने जुना चहा पाकासारखा लागेल. तीन महिन्यांनी परत तपासणी करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ४९, शाळेत क्लार्क आहे. सगळ्यांचं झाल्यावर जेवते, उरलेलं टाकवत नाही म्हणून भात, पोळी जे राहील ते मीच संपवते. गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळे उपवास करते तरी वजन वाढतंच आहे. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. जेवण अजून कमी करू का?

उत्तर : नका करू ताई. तुम्ही कमी खात नाही, उरलेलं खाता, आणि घरात उरतो तो भात आणि पोळी, उसळ आणि अंडी कधी उरतात का? आपल्या आयांनी हेच केलं म्हणून साठीत त्यांचे गुडघे बोलायला लागले. पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, चरबी मांड्यांवरून पोटावर सरकते, हाडं झिजायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच ताटात प्रोटीन नसतं. ६० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन लागतं. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात, पेलाभर दुधात सहा-सात. मोजून बघा तुमचं किती भरतं ते.

यावर माझा एकच उपाय आहे, वाढायला घेतानाच आधी स्वतःची उसळ, भाजी, दही वेगळ्या वाटीत काढून झाकून ठेवायचं. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटतं, मला पण वाटलं होतं, सासूबाईंनी विचारलं सुद्धा "हे कुणाचं?" माझं म्हटलं. उरलेला भात फ्रीजमध्ये जाऊ दे, सकाळी फोडणीचा भात करून सगळ्यांनी थोडा थोडा खावा.

उपवासाचं म्हणाल तर साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात कूट आणि तूप, मग बटाट्याचे वेफर्स, हा उपवास पोळीभाजीपेक्षा जड आहे. श्रद्धा ठेवा, पदार्थ बदला : भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी पातळ, राजगिऱ्याची भाकरी, ताक, एखादं डाळिंब. डाळिंब आपल्याकडे दारात मिळतं, दाणे चावून खा, ज्यूस नको. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि पाळी वर्षभर बंद राहून परत रक्त गेलं तर घरगुती उपाय न करता सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : शुगर आहे, गोळी चालू आहे, वय ५२. जानेवारीत मित्र हुरड्याला बोलावतात. जाऊ की नको?

उत्तर : जा की ओ! पण हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच, ते स्नॅक नाही, जेवण आहे. आपण काय करतो, आगटीपुढे बसून तासभर हुरडा हाणतो, मध्ये गूळ, मध्ये उसाचा रस, वर बोरं, आणि दुपारी दीडला "चला जेवायला" म्हणून परत वांग्याची भाजी, भाकरी, जिलेबी. दोन मुठी हुरडा खा, दही आणि लसणाच्या चटणीबरोबर, रस आणि जिलेबीला हात लावू नका, दुपारच्या जेवणात वांगं आणि ताक घ्या, भाकरी सोडा. शुगर आहे म्हणून सकाळचा नाश्ता टाळून गोळी घेऊन निघू नका, रस्त्यात चक्कर येऊ शकते. आणि जेवण झालं की बाकीचे झाडाखाली चटया टाकून लवंडतील तेव्हा तुम्ही एखाद्याला उठवून बांधावरून विहिरीपर्यंत जाऊन या.