वाचकांचे प्रश्न : माठापासून चिनी मातीपर्यंत

प्रश्न : टाउन हॉल संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातील मातीची भांडी पाहिली. ती आणि चिनी मातीची फुलदाणी एकाच कलेतली मानावीत काय?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : अवश्य मानावीत, फरक मातीचा आणि भट्टीच्या आचेचा आहे. सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजलेली साधी माती सच्छिद्र राहते, म्हणूनच माठ पाझरतो आणि पाणी गार होते. १२०० अंशांपुढे भाजलेली लोणच्याची बरणी मात्र पाणी शोषत नाही. खरी चिनी माती केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार हे खनिज असलेल्या दगडाच्या मिश्रणातून याहूनही कडक आचेवर घडते, आणि तिचा पातळ पेला उजेडापुढे धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. हे तंत्र युरोपला शतकानुशतके साधले नाही. म्हणून नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहराच्या कारागिरांनी साध्या मातीवर कथिलयुक्त पांढरी झिलई (काचेसारखा चकचकीत थर) चढवून निळी चित्रे रेखाटली. ती नक्कल असली तरी आम्हांला अस्सलाइतकीच देखणी वाटते. पुढे १७१० मध्ये जर्मनीतील मायसेन येथे खऱ्या चिनी मातीचा कारखाना निघाला आणि चीनची मक्तेदारी सैलावली. जयपूरच्या निळ्या भांड्यांचा प्रकार आणखी निराळा, कारण त्यांचा मुख्य घटक माती नसून गारेच्या दगडाची (क्वार्ट्झची) पूड असते.