मूड बदलला की गाणी का बदलतात?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. मूड बदलला की कालपर्यंत आवडणारं गाणं आज नकोसं का होतं, हा एक. आणि उदास असताना आनंदी गाणी लावायची सोडून आपण आणखी रडकी गाणी का लावतो, हा दुसरा. खरी गंमत दुसऱ्यात आहे, पण तिथे जायची वाट पहिल्यातूनच जाते.

आधीच सांगते, मी मानसशास्त्रज्ञ नाही. कानात इअरफोन घालून झोपी जाणाऱ्यांपैकी आहे आणि या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलेय.

सकाळी मी पळायला जाते. पळताना काही ऐकत नाही, परत आल्यावर बुटांच्या नाड्या सोडता सोडता गाणं लावते. एकदा असंच नेहमीचं, शेकडो वेळा ऐकलेलं गाणं लावलं आणि ते चक्क रेंगाळायला लागलं. गायक जांभया देत गातोय जणू. चुकून वेग कमी झाला असेल म्हणून ॲपची सेटिंग उघडली, तर वेग जसा असतो तसाच. आंघोळ करून आले, तेच गाणं पुन्हा लावलं, तर स्वारी ताळ्यावर आलेली! मधल्या वीस मिनिटांत एकच गोष्ट बदलली होती, माझी नाडी खाली उतरली होती. पुढे वाचनात आलं की प्रयोगांमध्येही असंच दिसलंय: व्यायाम झाल्या झाल्या लोकांना ओळखीच्या चालीचा योग्य वेग ठरवायला सांगितला, तर ते एरवीपेक्षा जलद वेग निवडतात.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की गाणं आवडणं न आवडणं हे बरंचसं अंतरावर ठरतं. आपलं शरीर आणि मन या घडीला जिथे आहे, तिथून ते गाणं किती लांब आहे? हाताला लागेल इतकं जवळ असेल तर आपण ते धरतो. फार लांब असेल तर ते कितीही चांगलं असो, त्याचा राग येतो.

हे अंतर मोजायचं कशात? 1980 मध्ये जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने भावनांचा एक नकाशा मांडला, तो मला फार सोयीचा वाटतो. आडवी रेघ सुखद ते दुःखद. उभी रेघ चेतलेलं ते निवांत. आनंद आणि समाधान दोन्ही सुखद, पण एक वर आहे आणि एक खाली. राग आणि उदासी दोन्ही दुःखद, पण राग वर, उदासी खाली. आपण मूड म्हणताना फक्त आडवी रेघ बघतो, 'बरं वाटतंय की वाईट' एवढंच. गाणं निवडताना मात्र माझ्या अनुभवाने उभी रेघच जास्त बोलते. 2019 मध्ये स्पॉटिफायच्या नोंदींवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 51 देश, 10 लाख माणसं, 76 कोटी 50 लाख वेळा वाजवलेली गाणी. त्यात दिवसा जोरकस आणि रात्री उशिरा शांत, असा चढउतार जगभर दिसला. माणसं दिवसभर आनंदी आणि रात्री दुःखी असतात असा काही याचा अर्थ नाही. रात्री शरीराचा काटा खाली येतो आणि गाणी त्याच्यामागून येतात.

रागाचं प्रकरण जरा वेगळं आहे. व्लादिमिर कोनेच्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही लोकांना आधी मुद्दाम अपमान करून चिडवलं. चिडवणारा इसम प्रयोग करणाऱ्यांचाच माणूस. मग त्यांच्यासमोर दोन बटणं ठेवली: एक दाबलं की साधी, सरळ चाल ऐकू येणार, दुसरं दाबलं की गुंतागुंतीची. चिडलेले लोक साध्या चालीकडे वळले. पण ज्यांना त्या इसमाला विजेचे झटके देऊन उट्टं काढण्याची संधी मिळाली, त्यांची निवड न चिडलेल्या लोकांसारखीच निघाली. (झटके खोटे होते. पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं मजा त्यातच आहे.) डोकं आधीच भरलेलं असलं की त्यात आणखी गुंता मावत नाही, असा मी याचा साधा अर्थ लावते. एकदा भावाशी फोनवर कडाक्याचं वाजलं. त्यानंतर मी सवयीने माझा लाडका वाद्यवृंद लावला, पंधरा-वीस वाद्यं एकमेकांच्या अंगावरून जाणारा. भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली येतंय असं वाटलं. बंद केला. एका एकट्या आवाजाचं, मागे नुसता तानपुरा असलेलं काहीतरी लावलं, ते चाललं. दोन दिवसांनी भाऊ आपणहून बोलायला आला आणि वाद्यवृंदही पुन्हा वाद्यवृंद झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

यावरचा एक गाजलेला सिद्धांत डॉल्फ झिलमन यांचा, 1988 सालचा. माणूस आपला मूड सावरण्यासाठी करमणूक निवडतो, कंटाळलेला उत्तेजक काहीतरी शोधतो आणि ताणलेला शांत काहीतरी, असं तो सांगतो. पटण्यासारखं आहे. पण या हिशेबाने दुःखी माणसाने हसऱ्या गाण्यांकडे धाव घ्यायला हवी, आणि तिथे सिद्धांत लंगडतो. एरवी बहुतेकांना आनंदी गाणी जास्त आवडतात. पण लोकांना आधी उदास करून मग गाणी ऐकवली की आनंदी गाण्यांचं हे वजन नाहीसं होतं, असं 2011 मधल्या एका प्रयोगात दिसलं.

मागे एका जिवलग मैत्रिणीशी माझे संबंध तुटले. भांडण वगैरे काही नाही, नुसते विरत गेले आणि एक दिवस ते दोघींच्याही लक्षात आलं. माझी अवस्था बघून ऑफिसातल्या एका भल्या माणसाने गाण्यांची यादी पाठवली, 'हे ऐका, एकदम फ्रेश वाटेल.' पहिल्याच गाण्यात टाळ्या होत्या. सांत्वनाला आलेल्या माणसाने आल्या आल्या खसाखस पडदे सारावेत आणि पंखा फुल करावा, तसं झालं. त्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ते गाणं माझ्यापासून इतकं दूर होतं की तिथून ते मला हसतंय असंच वाटलं.

मग मी जे लावलं ते होतं चेलोचं (व्हायोलिनच्याच कुळातलं, पण मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) एकट्याचं वादन, साधारण पाच मिनिटांचं. त्यात शब्द नव्हते, आणि तेच हवं होतं. शब्द असले की ते आपलीच गोष्ट सांगायचा आव आणतात आणि मग कुठला तरी तपशील जुळत नाही. ते वादन मी त्या संध्याकाळी लागोपाठ किती वेळा ऐकलं कोण जाणे. सुरुवातीला मी ते ऐकतच नव्हते, त्याच्या आडोशाला बसले होते एवढंच. मग कधीतरी, दुसरं मिनिट संपता संपता, वादक श्वास घेतो तो ऐकू आला. नाकाने घेतलेला, जरासा खरखरीत श्वास, आणि लगेच गज तारेवर टेकतो. पुढच्या वेळी मी त्या श्वासाची वाट बघत बसले. त्याच्या पुढच्या वेळी लक्षात आलं की गज टेकताना आधी लाकडासारखा कोरडा आवाज येतो आणि मग सूर उमटतो. म्हणजे मी आता ऐकत होते. दुःख तिथेच होतं, पण शेजारी सरकून बसलं होतं.

आपल्याकडच्या रसविचारात शोक आणि करुण असे दोन वेगळे शब्द आहेत, याचं मला त्या दिवसापासून कौतुक वाटतं. शोक हा भाव, तो भोगावा लागतो. करुण हा रस, त्याचा आस्वाद घेता येतो. शाळेत हे पाठ केलं होतं, तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं.

आधुनिक अभ्यास फारसं वेगळं सांगत नाहीत. लियाना तारुफी आणि स्टेफान केल्श यांनी 2014 मध्ये 772 लोकांना विचारलं की उदास संगीत ऐकून तुम्हाला काय होतं. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर 'दुःख' नव्हतं, ती होती गतकाळाची हुरहुर. दिलासा मिळतो, असंही अनेकांनी सांगितलं. शिवाय गाण्यातल्या दुःखाची किंमत चुकवावी लागत नाही, त्यात खरोखर कोणी गेलेलं नसतं, हाही मुद्दा आला.

एक रसायनवाली कथाही फिरत असते, तीही सांगून टाकते. उदास संगीत ऐकताना शरीर ते खरंच दुःख समजून फसतं, प्रोलॅक्टिन नावाचं दिलासा देणारं संप्रेरक सोडतं, आणि प्रत्यक्षात दुःख नसल्यामुळे नुसता दिलासा हातात उरतो. डेव्हिड ह्यूरन यांनी 2011 मध्ये मांडलेली ही कल्पना मला अतिशय आवडली होती. 2021 मध्ये ती तपासली गेली तेव्हा उदास संगीताने हलून गेलेल्या हळव्या श्रोत्यांमध्ये प्रोलॅक्टिन वाढण्याऐवजी कमी झालेलं आढळलं. कल्पना इतकी सुबक होती की वाईट वाटलं. आजही ती कुठे ना कुठे छातीठोकपणे लिहिलेली सापडते.

डोपामिनचं, म्हणजे मेंदूतल्या सुखाशी जोडलेल्या रसायनाचं, मात्र पक्कं आहे. 2011 मध्येच माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अंगावर काटा आणणाऱ्या संगीताच्या वेळी मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि तेही दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी: एकदा तो आवडता क्षण जवळ येत असताना आणि एकदा तो आल्यावर. वादकाच्या श्वासाची वाट बघत मी का बसले होते, याचं उत्तर मला यात मिळालं. मूड उदास, संगीत उदास, आणि तरी वाट बघण्यासारखं काहीतरी पुढे होतं.

मग आनंदी गाणी लावायचीच नाहीत का? लावायची, पण पायरी पायरीने. संगीतोपचारात याला नाव आहे, आयसो तत्त्व. इरा आल्टशूलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1940 च्या दशकात ते मांडलं. रुग्ण ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणाऱ्या संगीताने सुरुवात करायची आणि हळूहळू जिकडे न्यायचं तिकडे संगीत सरकवत न्यायचं. मी घरच्या घरी याची नक्कल करते: पहिलं गाणं मी जिथे आहे तिथलं, दुसरं त्याच वेगाचं पण जरा उजेडाचं, तिसऱ्यात थोडा ठेका. साधारण चौथ्या-पाचव्या गाण्याला आपोआप पाय हलला तर जमलं. नाही हलला तर मी मागे जाते, पुढे रेटत नाही. कधी कधी तर गाणं बंद केल्यावरच बरं वाटतं. 2006 मधल्या एका प्रयोगात संगीताच्या मध्येच दोन मिनिटांची शांतता घातली होती. तेवढ्यात ऐकणाऱ्यांचे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीच्याही खाली आले होते.

एक धोका मात्र खरा आहे. दुःखी गाणं ऐकताना तुमचं लक्ष गाण्याकडे जातंय की 'माझ्याच बाबतीत असं का' याच चाकावर फिरतंय, हे स्वतःला विचारा. चाकावर फिरत असेल तर ते गाणं मलम राहत नाही, खपली काढणारं नख होतं. नैराश्य असलेल्या लोकांनाही उदास संगीत शांत करतं म्हणून आवडतं, असं 2020 च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे कोणी रडकं गाणं लावलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पण तास-दोन तास ऐकून दर वेळी आधीपेक्षा वाईटच वाटत असेल, तर गाणी बदलून भागणार नाही, माणसाशी बोला. आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तो माणूस डॉक्टर असू द्या.

काही गाणी मात्र माझ्या या अंतराच्या हिशेबात बसतच नाहीत, हेही कबूल करते. त्यांना मूड लागत नाही, त्यांना आठवण पुरते. मी एकदा मूर्खपणा केला. सकाळ प्रसन्न व्हावी म्हणून माझं सगळ्यात लाडकं गाणं अलार्मला लावलं. सहा महिने रोज ते मला गाढ झोपेतून खेचून काढत होतं. गाण्याने प्रसन्नता आणली नाहीच, उलट उठायच्या कटकटीने गाणं गिळलं. अलार्म बदलून आता तीन वर्षं झाली. मधे मी छान मूडमध्ये, दुपारी, पुस्तक वाचत बसले होते आणि शेजारच्या खोलीत कोणाचा तरी फोन त्याच गाण्यावर वाजला. पहिल्या दोन सुरांतच माझा हात उशीखाली फोन शोधायला गेला होता. उशी नव्हती, मी खुर्चीत होते.