मंगळवारची मेणबत्ती आणि लेवीयाचा तेरावा अध्याय

"प्रिय ताई,
मी वसईची, वय 37. नोकरी मुंबईत, रोज जाऊन-येऊन साडेतीन तास ट्रेनमध्ये जातात. जानेवारीत एका रिट्रीटहून, म्हणजे प्रार्थना शिबिराहून, आले आणि ठरवलं, वर्षभरात अख्खं बायबल वाचायचं. मोबाइलवर प्लॅन घेतला. उत्पत्ती झालं, निर्गम झालं आणि लेवीयाच्या तेराव्या अध्यायात, त्या कातडीच्या रोगांपाशी, गाडी बंद पडली. आता रोज सकाळी मोबाइल सांगतो, 'तुम्ही 41 दिवस मागे आहात.' घरी सासूबाई दर मंगळवारी संत अंतोनींपुढे मेणबत्ती लावतात, रात्री रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, घेतात. बायबल उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. 'नुसतं पाठांतर करून काय मिळतं?' असं एकदा त्यांना बोलून गेले. त्या गप्प बसल्या. पण खरं सांगू? त्यांच्याकडे जी शांती आहे ती माझ्याकडे नाही. रोझरीत तर मला झोपच लागते. हे सगळं कन्फेशनमध्ये, फादरांपुढे पापांची कबुली देताना, सांगायचं का?
– मागे पडलेली"

प्रिय मागे पडलेली,

वयानं मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते. शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. 41 दिवस चुकले हे पाप नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चर्चनं बंधनकारक केली आहे, मोबाइलचा प्लॅन कुणीच केलेला नाही. सासूबाईंना बोललीस ते मात्र सांग. फादरांना नंतर, आधी त्यांना.

आता तुझ्या प्लॅनचं. वाचनाचा एक प्लॅन चर्चकडेही आहे आणि त्यात मागे पडायची सोयच ठेवलेली नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 मध्ये, मिस्साच्या वाचनांची नवी मांडणी झाली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात: एक वर्ष मत्तयाचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र), एक मार्कचं, एक लूकचं. एरवीच्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या फेऱ्यात फिरतं, शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. म्हणजे आज चुकलेला उतारा पुढच्या वर्षी, फार तर तीन वर्षांत, पुन्हा तुझ्या दारात येणार. थकबाकी नाही, व्याज नाही. आणि त्या दिवशी तोच उतारा जगभरच्या चर्चमध्ये वाचला जातो, तुमच्या गावातल्या सकाळच्या मिस्सालाही. मोबाइलवरचा तो 41चा आकडा काढून टाक. तो तुझा हिशेब ठेवतो, सोबत करत नाही.

संत अंतोनींबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझं भांडण सासूबाईंशी आहे असं तुला वाटतं आणि ते अंतोनींपाशीच मिटण्यासारखं आहे. चष्मा हरवला, किल्ली हरवली की आपल्याला अंतोनी आठवतात. ते का, ठाऊक आहे? आख्यायिका अशी की एक नवशिका मठ सोडून पळाला आणि जाताना अंतोनींची स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, घेऊन गेला. छपाई युरोपात यायला अजून दोनशे वर्षं होती. हातानं लिहिलेली प्रत, त्यात शिकवण्यासाठी काढलेली टिपणं. अंतोनींनी प्रार्थना केली आणि तो पोरगा पुस्तक घेऊन परत आला. तर हरवलेली पहिली वस्तू म्हणजे धर्मग्रंथ होता, बाई! हा माणूस बायबल कोळून प्यालेला. 1946 मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यांना चर्चचे आचार्य, म्हणजे साऱ्या चर्चचे मान्य गुरू, ठरवलं, तेही 'शुभवर्तमानाचे आचार्य' या नावानं. मंगळवार का, तर 1231 च्या जूनमध्ये इटलीतल्या पादुआत त्यांचं दफन झालं तो वार मंगळवार. घरातल्या पुतळ्याकडे नीट बघ. बाळ येशूच्या जवळ किंवा पायाखाली बहुतेक वेळा एक पुस्तक असतं. तू ज्यासाठी धडपडतेस ते पुस्तक सासूबाईंच्या मेणबत्तीसमोर इतकी वर्षं उघडं पडलंय.

रोझरीचंही तसंच. त्यात पुन्हा पुन्हा म्हणायच्या 'नमो मरिये'चा पूर्वार्ध म्हणजे लूकच्या पहिल्या अध्यायातले गब्रिएल दूताचे आणि मरियेची नातलग अलिशिबा हिचे शब्द. जप करताना मनन करायची बहुतेक रहस्यं म्हणजे शुभवर्तमानातले प्रसंगच. सासूबाईंनी बायबल उघडलं नसेल, पण त्यातला मोठा भाग त्यांच्या बोटांना पाठ आहे. पाठांतराला हसणं आपल्याला सोपं जातं, कारण आपल्याला काहीच पाठ नसतं. (हे मी स्वतःलाही म्हणतेय.)

राहिली झोप. फ्रान्समधल्या लिझ्यूची संत, छोटी तेरेझा, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि 1897 मध्ये, चोविसाव्या वर्षी, क्षयानं वारली. तिनं मोकळेपणानं लिहून ठेवलंय की वर्षानुवर्षं आपल्याला प्रार्थनेच्या वेळी झोप लागते आणि त्याचं दुःख वाटत नाही. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना ते सारखंच आवडतं. एकटीनं रोझरी म्हणणं तिला फार जड जायचं, हेही तिचंच लिखाण. मन अगदी कोरडं पडलं की ती एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सावकाश म्हणायची, मग एक 'नमो मरिये'. आणि तुला बरं वाटावं म्हणून सांगते: संपूर्ण बायबल तिच्या हाती नव्हतंच. शुभवर्तमान होतं, आणि बहीण सेलीननं वहीत उतरवून आणलेले जुन्या करारातले उतारे. तेवढ्यावर ती पुढे चर्चची आचार्य झाली!

संतांकडे बघताना एवढं कर, त्यांना फूटपट्टी करू नकोस. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि दबून जातो. पण त्याआधी ते व्यापार करत होते. जपानी भाषा येत होती म्हणून फ्रान्सिस्कनांचे दुभाषी झाले. कामधंद्यासाठी शिकलेली भाषा देवाच्या कामी आली. ऑफिसला निघालेल्या बाईनं धरून ठेवावं असं त्यांच्यात हे आहे.

करायचं काय, तर थोडंच. रात्री रोझरीआधी उद्याचं शुभवर्तमान तू मोठ्यानं वाच, सासूबाईंना ऐकू जाईल असं. दोन-तीन मिनिटं लागतील. त्यांना विचार, "आई, यातलं तुम्हाला काय लागलं?" त्या पहिले काही दिवस "मला काय कळतंय" म्हणतील. विचारत राहा. सकाळी ट्रेनमध्ये पुन्हा वाचायला बसू नकोस, रात्रीचं एखादं वाक्य आठवलं तर आठवू दे. बसायला मिळालं आणि डोळा लागला, तर तेरेझाची आठवण काढ. रोझरीत पाच रहस्यं झेपली नाहीत तर एक घे, बाकीची त्या घेतीलच.

आणि लेवीय सोडू नकोस, फक्त सहा अध्याय ओलांडून एकोणिसाव्यावर जा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा येशूनं तिथूनच उचलली आहे. त्याच अध्यायाचं 32वं वचन पिकल्या केसांसमोर उठून उभं राहायला सांगतं. ते वाचून झालं की सासूबाईंकडे जा. मंगळवारपर्यंत थांबू नकोस.

– तुझी ताई